छबूच्या जागी तुळजा

ता. १५ नोव्हेंबर १९२६

आज शाळा सुरू झाली. जागा सुंदरराव देशमुखांच्या गोठ्यालगतची ओसरी. बीडच्या कचेरीतून इजाजत त्यांनीच आणली. नगर जिल्ह्यात अठ्ठावीस वर्षे मुली शिकवून मी पेन्शनीत निघाले होते. लोक म्हणाले, मोगलाईत, निजामाच्या मुलखात, कशाला जाता? मी म्हटले, तिथे मुली नाहीत काय?

पोलीस चौकीचे नेकनूर इथून दोन कोस. गाव साठ उंबऱ्यांचे. मुली आल्या पाच. एक लंगडी, एक बोबडी, एकीच्या डोळ्यात फूल पडलेले, एक आईवेगळी, तीही धाकट्या भावाला कडेवर घेऊन आलेली. पाचवी आसारामाची छबू, वय बारा, उंच, शांत. तिच्यात मात्र व्यंग दिसले नाही.

शाळा झाडायला ठेवलेली केसरबाई पाचही जणींकडे पाहून म्हणाली, "गावानं चाळून दिल्यात बाई. पीठ घरी, कोंडा तुमाला."

मी तिला जीभ आवरायला सांगितले. पण तिचे खरे आहे.

ता. १८ नोव्हेंबर

छबूची आई कौशल्याबाई दाराशी येऊन उभी राहिली. आत येईना.

"बाई, तिला मदी बसवा. भिताडाच्या कडंला नगं. आन आडावर पानी शेंदाया धाडू नका."

"का? हात दुखतात का तिचे?"

"न्हाई. तसंच."

माझ्या शाळेत प्रत्येक मुलगी पाळीने पाणी आणते, देशमुखांची असली तरी आणील, असे मी स्पष्ट सांगितले. बाईने पदर खोचला. मग म्हणाली, "तिच्या पाळीला मी येत जाईन." आणि आज दुपारी छबूच्या पाळीला खरोखर आली, घागर भरून ठेवली, गेली. बारा वर्षांच्या घोडीचे इतके लाड! शेतकऱ्याच्या घरात हे नवलच.

ता. २५ नोव्हेंबर

छबूची एक खोड लक्षात आली आहे. पाढे चालू असताना मध्येच गप्प होते आणि माझ्याकडे टक लावून बघते. आज पेन्सिल हातातून पडली. मी तीनदा हाक मारली. ती बघतेच आहे आणि काहीतरी चघळल्यासारखे तोंड हलवते आहे. मी हातावर एक छडी दिली. हात मागे घेतला नाही. थोड्या वेळाने दचकली आणि म्हणाली, "काय बाई?" जसे काही घडलेच नाही! इतक्या सफाईने ढोंग करणारी मुलगी मी पाहिली नव्हती.

वर तिच्या अंगाला कांद्याचा वास. पदराची गाठ सोडायला लावली तर आत फोडलेला कांदा. शाळेत खायचे आणायचे नाही म्हणून मी तो उकिरड्यावर टाकवला. छडीला रडली नाही, कांद्याला रडली.

ता. ३ डिसेंबर

शुक्रवार. इकडे सुटी शुक्रवारची. आसारामाच्या घरी गेले.

तिथे धाकटी भेटली. तुळजा, आठ वर्षांची. अंगणात वैरणीच्या पेंढ्या मोजत होती आणि मोजताना तिनाचा पाढा म्हणत होती. कोणी शिकवला? "अक्का घरी म्हनती की." छबूला जो पाढा पंधरा दिवसांत धड आला नाही, तो हिने तिच्याकडून उसना घेऊन पाठ केला. मी जमिनीवर काडीने 'तुळजा' लिहून दाखवले. तिने एकदा पाहिले आणि शेजारी तसेच लिहिले.

आसारामाला विचारले, हिला का नाही पाठवले?

"तुळजा कामाची हाय बाई."

"आणि छबू?"

तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "छबू साळंला बरी हाय. लोक इचारतेत, मोठीचं लगीन कावून न्हाई केलं? म्या सांगतो, साळंत हाय, म्हून थांबलोय."

हे ऐकून मला बरे वाटले. लग्नाआधी शाळा ठेवणारा बाप मला नगरच्या वकीलवस्तीतसुद्धा क्वचित भेटला.

ता. १२ डिसेंबर

दोन दिवस विचार करते आहे. ही माणसे शाळेकडे कशी बघतात? जे मूल नांगराला नाही, खुरप्याला नाही, चुलीला नाही, ते शाळेला. लंगडी आणतात, बोबडी आणतात, छबूसारखी सुस्त आणतात. चलाख मूल म्हणजे घरचा हात, तो कसा सोडायचा? मी जर कोंडाच घेत राहिले तर शाळेचाही कोंडाच होईल. मार्चमध्ये कचेरीचे साहेब परीक्षा घेणार आणि त्यावर पुढची इजाजत ठरणार. हेही माझ्या मनात आहे. लपवत नाही.

छबूचे नाव काढून तुळजाचे घालायचे.

ता. १४ डिसेंबर

आसारामाला बोलावून सांगितले. तो बराच वेळ पागोटे सारखे करत राहिला.

"छबूलाच ठिवा बाई. येईल तिला."

"येणार नाही. ती वर्गात बसल्या बसल्या झोपते. तुळजाला पाठव."

"जवारी निसवली बाई. पाखरं राखाया माळ्यावर तुळजा बसती. ती हिकडं आली तं तिथं कोन बसंल?"

"छबू बसेल. हातीपायी धड आहे ना?"

"छबूला न्हाई बसवत."

"का?"

गप्प. मी पुन्हा विचारले, पुन्हा गप्प. अशा गप्पपणाची मला चीड आहे. मी सुंदररावांकडे गेले. आसाराम त्यांचीच जमीन कसतो. त्यांनी त्याला ओसरीवर उभे केले.

"ऐक बे आसाराम. बाई पुण्यात शिकल्यात. पोरींचं तुला त्यांच्यापेक्षा जास्त कळतंय का?"

"न्हाई जी."

"मंग?"

"धाडतो जी."

ता. २० डिसेंबर

तुळजा येऊ लागली. पाच दिवसांत मुळाक्षरे. इतके सरळ डोके फार दिवसांनी मिळाले. शिकवताना मला माझेच वय कमी झाल्यासारखे वाटते.

पहिल्या दिवशी छबूही मागोमाग आली होती. आपल्या जागेवर जाऊन बसली. मी उठवले. दाराबाहेर जाऊन उभी राहिली, मग पायरीवर बसली. दुपारी कौशल्याबाई येऊन तिला हाताला धरून घेऊन गेली. पाच वर्षांच्या पोरीला धरावे तसे.

ता. ७ जानेवारी १९२७

तुळजाला लिंबागणेशचे स्थळ आले. मुलाची घरची बागायत आहे, म्हणून आसाराम खुशीत. सुपारी फुटली, पोरीला लुगडे आले, लग्न वैशाखात. आठ वर्षांच्या मुलीचे! मी बोलले. तो म्हणाला, "तवर साळा होईल की बाई."

पाहुण्यांनी मोठीचे विचारले तेव्हा याने पुन्हा शाळेचेच नाव सांगितले म्हणे. आता तर ती शाळेत नाही. केसरबाईला मी म्हटले, हा माणूस खोटे का बोलतो? ती म्हणाली, "तुमी गावात नव्या हायता बाई," आणि केरसुणी उचलून गेली.

ता. २१ जानेवारी

शुक्रवार. 

फिरत आसारामाच्या रानाकडे गेले. ज्वारी हुरड्याला आलेली, वर पाखरांचे थवे. मध्ये चार खांबांवर बांधलेला माळा, दोन पुरुष उंच. वर छबू गोफण घेऊन उभी. तिच्या कमरेला दावे. दाव्याचे दुसरे टोक माळ्याच्या खांबाला. आई पलीकडच्या पट्ट्यात देशमुखांचा कापूस वेचत होती आणि दर पाच-दहा बोंडांमागे मान वर करून माळ्याकडे बघत होती. चोराच्या मनात चांदणे.

मी तिला हाक मारली. "हे काय आहे?"

"दावं हाय बाई."

"दावे वासराला असते."

"बांदलेलं बरं असतं तिला."

"काम सोडून पळते म्हणून? सोड."

"तुमी जा बाई. मी सोडते मंग."

"माझ्यासमोर."

ती वर चढली. गाठ घट्ट होती, बोटांनी सुटेना, तिने दातांनी सोडवली. छबू वरून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की बाई. मला चालतंय." सवयीने माणूस दाव्यालाही चालतंय म्हणतो, ते असे. मी तिला सांगितले की तू जनावर नाहीस.

मी गेल्यावर ही बाई पुन्हा बांधणार, हे मला तोंडावरून दिसत होते. म्हणून तिला लिंबागणेशच्या गणपतीची आण घ्यायला लावली. माझा आणाभाकांवर विश्वास नाही, पण या लोकांचा आहे. ती घ्यायला तयार नव्हती. हात जोडून म्हणाली, "देवाची नगं बाई." मी हलले नाही. शेवटी घेतली. पुन्हा दावे दिसले तर तहसिलीत लिहीन, असेही सांगून आले. वाटेत सुंदररावांच्याही कानावर घातले.

ता. २८ जानेवारी

काल दुपारी छबू माळ्यावरून पडली. मान मोडली. जागीच गेली.

केसरबाई सांगत आली. मी पहिल्यांदा म्हटले ते हे: "आई कुठे होती? लक्ष नको ठेवायला?" तिने केरसुणी उचलली. झाडलेलीच जमीन पुन्हा झाडत बसली.

घरी जाऊन आले. कौशल्याबाईने मला पाहिले आणि तोंडावर पदर घेतला. मी दोन शब्द बोलले. काय बोलले ते आता आठवत नाही.

ता. ३० जानेवारी

नेकनूरहून पोलिसांचे अमीन आले. प्रेत जाळण्याआधी पोलीस पाटलाने कमरेवरचे दाव्याचे जुने वळ पाहिले होते. दाव्याची गोष्ट मी सुंदररावांना सांगितलेली, त्यांच्या ओसरीवरून ती गावभर झालेली. बिनलग्नाची मोठी मुलगी, तिला जनावरासारखी बांधत होते, आणि आता ती मेली. अमीन आसारामाला घेऊन गेले. बापाने ढकलली की काय, असा संशय.

मला ते खरे वाटत नाही. पण मुलीला का बांधले, हे तोही सांगत नाही म्हणतात.

ता. १ फेब्रुवारी

तुळजा आज एकटीच शाळेत आली. आईनेच पाठवली, घरात बायका जमल्या आहेत म्हणून.

दुपारी लंगडी पोर पेंगत होती. डोळे अर्धे मिटलेले. मी छडी उचलली तर तुळजा उभी राहिली.

"बाई, तिला बी फेपरं हाय का?"

"आणखी कोणाला आहे?"

"अक्काला हुतं. पयले निसती बघत ऱ्हायची, मंग कवा कवा पडायची. आय कांदा हुंगवायची. एकदा चुलीत पडली तवा हात भाजलता. म्हून तं तिला साळंत घातलतं. हितं चूल न्हाई, आड लांब हाय, आन तुमी असता." मग तिला काहीतरी आठवले. "आय म्हनली हुती कुनाला सांगायचं न्हाई. तुमी सांगू नका बरं का."

मी छडी ठेवली. सगळ्यांना पाढे म्हणायला सांगितले. पावकी-निमकीसुद्धा म्हणवून घेतली.

ता. २ फेब्रुवारी

कौशल्याबाईकडे गेले. बायका उठून गेल्या.

मी विचारले, मला का नाही सांगितले? एका शब्दाने सांगितले असते तर मी तिला शाळेतून काढली असती का?

"तुमाला सांगितलं असतं तं तुमी लिवलं असतं. तुमी समदंच लिवता."

"दावे सोडायला लावले तेव्हा तरी?"

"कापूस वेचनाऱ्या धा बाया हुत्या बाई बाजूला. त्यातली एक लिंबागणेसची."

थोड्या वेळाने तिने माझे पाय धरले. एवढी सरळ बाई, माझे पाय धरून बसली. "मालकाला सोडवा. अमीनसायबाला म्हना, उनानं चक्कर आली. पोरगी अशक्त हुती, पडू नये म्हून बांदत हुतो. तेवढं पुरंल त्यायला. फेपऱ्याचं काढू नका. एकीत हाय म्हनलं की दुसरीत बी हाय म्हनतेत. तुळजाचं मोडंल."

मी म्हटले, कौशल्याबाई, मी खोटे बोलत नाही.

"खोटं कुटं हाय? चक्करच हाय की ती."

विचार करते, म्हणाले आणि उठले. आठ वर्षांच्या मुलीचे लग्न मोडले तर बिघडले काय, असेही एकदा मनात आले. ते इथे लिहून ठेवते, कारण आले.

ता. ३ फेब्रुवारी

देशमुखांच्या छकड्यातून नेकनूरला गेले. चौकीच्या ओट्यावर बाजाराची माणसे बसलेली. मुन्शी उर्दूत लिहून घेत होता. मी पहिल्यापासून सांगितले: टक लावून बघणे, छडी, कांदा, नाव काढणे, दावे, आण. स्वतःला वगळले नाही. फेपऱ्याला 'मिरगी' लिहिताना मुन्शी थांबला. वयस्कर माणूस. आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, हे सगळं लिहायलाच पाहिजे का? उन्हानं चक्कर लिहिलं तरी आदमी सुटेल. ओटाभर लोक ऐकतायत."

मी म्हटले, जे खरे ते पूर्ण लिहा.

त्याने लिहिले. मला वाचून दाखवले. मी सही केली, मोडीत आणि इंग्रजीत. आसारामाला सोडले. तो माझ्या समोरून गेला तेव्हा त्याने रामराम केला नाही.

ता. ५ फेब्रुवारी

मी ते सगळे आसारामाला सोडवायला सांगितले, की माझ्या मनावरचे उतरवायला? मुन्शी म्हणत होता तेवढ्याने तो सुटलाच असता. हा प्रश्न लिहून ठेवते. उत्तराला आज सवड नाही, परीक्षेचे तक्ते करायचे आहेत.

ता. १७ फेब्रुवारी

तुळजा बारा दिवस आली नाही. ज्वारीची काढणी चालू आहे. आईने अंथरूण धरले आहे, म्हणून भाकरी हीच थापते असे कळते.

ता. २४ फेब्रुवारी

लिंबागणेशहून माणूस येऊन गेला. सुपारी मोडली. केसरबाई म्हणाली, "लुगडं बी परत मागितलं बाई. आन तिची आय निसती बघत बसलेली, तं तुळजानंच घडी घालून दिलं." मग पुढे म्हणाली, "आता पंचक्रोशीत कोन करनार तिला? हिच्यात बी हाय म्हनतेत."

"तिच्यात नाही. मी तिला दीड महिना रोज पाहिले आहे."

"तुमी छबूला बी रोज बघतच हुत्या की."

हिला कामावरून काढावे असे वाटले. काढले नाही.

ता. ६ मार्च

सकाळी ओसरी उघडायच्या आधी आसाराम तुळजाला घेऊन उभा. पागोटे नाही, नुसते मुंडासे. पोरीचे केस विंचरलेले, हातात पाटी.

"घ्या बाई. आता हिला साळंतच ऱ्हाऊ द्या. कामाला बी नगं."

"आसाराम, तुझ्या घरी हाताला माणूस नाही. आईही आजारी."

"बघू आमचं आमी. मोठी आमी साळंला ठरवली हुती, धाकटी घराला. तुमी उलटं केलं. आता धाकटीला घर न्हाई तं न्हाई." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही बोलता आले असते. "लई शिकवा तिला. जेवढं येतं तेवढं समदं शिकवा."

मला पाहिजे होती ती मुलगी मिळाली. पूर्ण वेळ, काढणी-पेरणीला न चुकणारी. गावात अशी दुसरी नाही. हजेरीत तिचे नाव आता सगळ्यात वर लिहिले आहे.

ता. १४ मार्च

परीक्षा झाली. साहेब खूष झाले. तुळजाचे वाचन ऐकून दोनदा "शाबास" म्हणाले. इजाजत आणखी एका वर्षाची मिळेल.

बाकीच्या मुली गेल्यावर ती मागे थांबली. पाटी पुसत विचारते, "बाई, मी किती वर्सं येऊ?"

"चौथीपर्यंत."

"आन मंग?"

"मग बीडला. आणखी शिकलीस तर पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात. मास्तरीण होशील. स्वतःच्या पायावर उभी राहशील, कोणाच्या घरी जायला नको. माझ्यासारखी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी घाबरून तिच्या दंडाला धरले, नाव घेऊन हाक मारली. तिला काही झालेले नव्हते. ती नुसती बघत होती.

"तुमच्यावानी?" तिने विचारले.

"होय," मी म्हटले आणि पुढचा धडा काढायला सांगितला. तिने काढला.